तिसरी कडी

बसा, स्वरदा. खुर्चीवर नको, तिच्यावर ऊन येतं. इकडे दिवाणावर बसा. पुण्याच्या माणसाला झाशीचा मे महिना सोसत नाही, आणि तुम्ही तर स्टेशनवरून ई-रिक्षाने भर दुपारी खंडेराव गेटपर्यंत आलात. आधी पन्हं घ्या. अनंतरावांच्या जुन्या गाण्यांचे खंड काढणाऱ्या कंपनीतून कुणी माझ्या घरी येईल असं दोन वर्षांपूर्वी मला कुणी म्हटलं असतं, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. मी आपली बँकेत कारकुनी करणारी चारुता.

तुमचा प्रश्न काय आहे ते मला ठाऊक आहे. आमच्या चाहत्यांच्या ग्रुपवर जयंत गेले कित्येक महिने तोच घोळवतोय. ती तिसरी कडी कुठल्या घराची, हेच ना? सांगते. पण मधूनच सांगितलं तर तुम्ही मिळेल त्या गाडीने परत जाल, म्हणून पहिल्यापासून सांगते. तुमचा रेकॉर्डर चालू आहे, तेव्हा तुम्हाला माहीत असलेलंही सांगते. पुढे ऐकणाऱ्याला कळायला हवं.

अनंतराव कुंटे आमच्या झाशीचे. इथल्या सरकारी कारखान्यात इंजिनियर होते. चहूकडे हिंदी नाहीतर बुंदेली, त्यात बसून हा माणूस मराठी गाणी लिहायचा, चाली लावायचा आणि स्वतःच गायचा. चार गाणी रेडिओवर वाजली, एक-दोन तबकड्या निघाल्या, बाकी सगळं घरच्या कॅसेटमध्ये. कारखान्याच्या क्वार्टरमध्ये शांतता कुठली मिळायला? कुणी साखर मागायला येणार, कुणी पेपर मागायला. मग ते मागच्या खोलीत जायचे आणि अनुसूयाकाकू, म्हणजे त्यांची बायको, बाहेरून कडी घालायच्या. कडीला पाठ टेकवून तिथेच भाजी निवडत बसायच्या. गाणं चुकलं की अनंतराव पुन्हा पहिल्यापासून म्हणायचे. आतून दार वाजवायचं नाही, कारण ते टेपवर येणार. शेवटची ओळ बिनचूक झाली की काकू कडी काढायच्या. ती कडी टेपवर यायचीच, आणि ते दोघंही तिला काही म्हणत नसत.

त्यामुळे आम्हा चाहत्यांना गाण्याइतकीच कडी प्यारी. लोक आम्हाला ‘कडीवाले’ म्हणून चिडवतात, आम्ही ते नाव ग्रुपलाच देऊन टाकलं. क्वार्टरची कडी जाड लोखंडी, खाडकन पडणारी. निवृत्तीनंतर त्यांनी सिपरी बाजारच्या पुढे घर बांधलं, तिथली कडी बारीक, किरकिरत सरकणारी. शेवटी कडी नसेल तर आम्ही गाणं अस्सल धरतच नाही. तुमच्या पहिल्या खंडात कुणीतरी शहाण्याने साफसफाई करताना सगळ्या कड्या कापल्या, तेव्हा जयंतने नागपुरात बसून तुमच्या कंपनीचा जो उद्धार केला तो तुम्ही वाचलाच असेल. मला तर रडू आलं होतं. हसू नका, खरंच आलं होतं.

तर अनंतराव गेल्यावर त्यांच्या कॅनडातल्या मुलाने कॅसेटची खोकी तुम्हाला दिली. एक कॅसेट मात्र काकूंनी दिली नाही. ती शेवटची, त्यांच्या रेडिओ-कॅसेटच्या टू-इन-वनमध्ये होती तशीच राहिली. ‘त्यांचं काम अर्धं आहे त्यात,’ एवढंच काकू म्हणायच्या, आणि हात लावू द्यायच्या नाहीत. ग्रुपवर तिची चर्चा सुरू झाली आणि सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. झाशीत राहणारी मी एकटीच ना. काकू आमच्या लांबच्या नात्यातल्या. आमच्याकडे इथे मराठी घरं इतकी थोडी, की सगळीच एकमेकांच्या लांबच्या नात्यात असतात.

गेल्या मे महिन्यात मी गेले. सुट्टीचा दिवस, जेवणं उरकलेली. बडा बाजारातून काकूंसाठी पेठा घेतला. ग्रुपमधल्या पुण्याच्या निशांतने एक छोटा रेकॉर्डर कुरियरने पाठवला होता आणि फोनवर नियम पढवले होते. कॅसेट बाहेर काढायची नाही, आहे तिथेच वाजवायची. एकदा लावली की शेवटपर्यंत थांबवायची नाही. आणि मोबाइल खोलीत ठेवायचा नाही, कारण तो जवळ असला की जुने स्पीकर गुरगुरतात. असले नियम फक्त आमच्यासारखी माणसंच पाळतात.

बाहेर लूचा भाजणारा वारा सुटला होता. कॉलनीत चिटपाखरू नव्हतं, सगळ्यांची दारं बंद, कूलरांची घरघर तेवढी चाललेली. काकूंनी दार उघडलं, पेठा घेतला, माझी, घरच्यांची चौकशी केली. मी भीतभीतच कॅसेटचं काढलं, तर त्या पटकन हो म्हणाल्या. इतक्या पटकन, की मलाच कसंतरी झालं. म्हणाल्या, तुला त्यांची सगळी गाणी येतात ना, मग तूच बस.

खोली छोटी. एक खाट, एक स्टूल, स्टुलावर कापड घातलेला टू-इन-वन. एकच खिडकी, तिच्यात बाहेरून कूलर बसवलेला, म्हणजे तीही बंदच. आवाज नको म्हणून मी कूलर बंद केला. वाळ्याच्या ताट्यांचा ओला वास खोलीत राहिला आणि त्याच्याखाली कुठल्याशा बामचा. मोबाइल काकूंच्या हातात दिला. तेव्हा त्या म्हणाल्या, “मी कडी घालते. मग कुणी यायचं नाही.”

आता तुम्ही माझ्या जागी असता तर नाही म्हणाला असता? अनंतरावांच्या खोलीत, अनंतरावांच्या स्टुलाशेजारी, काकूंच्या हातची कडी! मला ग्रुपवर हे कधी सांगते असं झालं होतं. मी म्हटलं, घाला की काकू. दार लागलं. ती बारीक, किरकिरती कडी सरकली. कॅसेटमध्ये शेकडो वेळा ऐकलेला आवाज मी पहिल्यांदा आतून ऐकला, आणि अंगावर शहारा आला, तो आनंदाचा.

रेकॉर्डर लावला. कॅसेट उलटी फिरवून आरंभाला नेली आणि बटण दाबलं. आधी टेपची सरसर, मग अनंतरावांचं खाकरणं, आणि मग ते गाणं, जे आमच्यापैकी कुणीच ऐकलेलं नव्हतं.

‘उन्हाच्या वाटेनं नको येऊ दारी,
सावली निजली माझ्या उंबऱ्यावरी.’

आवाज थकलेला होता, पण चाल अशी, की मी खाटेच्या कडेला बसून डोळे मिटले. अंतरा आला.

‘हाक ओळखीची, पाऊल ओळखीचं,
दार माझं आहे, कुलूप कुणाचं...’

आणि ते थांबले. पुढची ओळ नाही. जराशाने पुन्हा मुखडा, पुन्हा अंतरा, पुन्हा तिथेच थांबले. चुकत नव्हते ते. त्यांना ती ओळ सुचलेलीच नव्हती. बाहेर काकूंना पुटपुटून सांगत होते, अजून नाही गं, अजून नाही.

पहिल्यांदा मला मजा वाटली. कवी ओळ शोधतोय आणि आपण ऐकतोय, आम्हा लोकांना यापरतं सुख नाही. पण ते थांबेचनात. मुखडा, अंतरा, शांतता. प्रत्येक वेळी श्वास जास्त जड. खोली तापत चालली होती, माझी साडी पाठीला चिकटली. निशांतचा नियम मोडून टेप बंद करावी असं मनात आलं, आणि तेवढ्यात त्यांनी गाणं अर्ध्यावर सोडलं. कण्हल्यासारखा आवाज आला.

“अगं... काढ कडी.”

मग काही नाही. थोड्या वेळाने दारावर हात आपटल्याचा आवाज, एकदा, मग पुन्हा. तो टेपमधला होता, मी दाराकडे बघून खात्री केली. पुढे नुसती सरसर. कितीतरी वेळ ती सरसर चालू होती आणि मी तशीच बसून होते. कडीचा आवाज शेवटपर्यंत आला नाही. टेप संपली, बटण टक्कन वर आलं.

अनंतराव दुपारी गाता गाता गेले एवढंच आम्हाला माहीत होतं. ग्रुपवर आम्ही त्याला भाग्याचं मरण म्हटलं होतं. ते आठवून मला स्वतःचीच किळस आली.

मी उठले, दारापाशी गेले. “काकू, झालं. उघडा.”

बाहेर बांगड्या वाजल्या. त्या तिथेच होत्या, दाराला पाठ लावून. अगदी हळू म्हणाल्या, “पुरं कुठं झालंय?”

मी म्हटलं काकू, टेप संपली. दार ढकललं. ओढलं. पुन्हा सांगितलं की आत फार उकडतंय, मला बाहेर यायचंय. मोबाइल बाहेर, खिडकीत कूलर, शेजारी सगळे दारं लावून झोपलेले. मी कूलर लावायला गेले तर लाइट गेलेली. तेव्हा मला पहिल्यांदा खरी भीती वाटली, पण ती म्हातारीच्या डोक्याची. भुताखेताचं काही मनात आलं नव्हतं.

आणि माझ्या पाठीमागे मुखडा सुरू झाला.

स्वरदा, तुम्ही टेपांत वावरणाऱ्या आहात, म्हणून तुम्हाला हे सांगितलं की कळेल. त्या आवाजात सरसर नव्हती. टेप नव्हतीच ती. बटण वर होतं, लाइट नव्हती. आवाज कोरडा, स्वच्छ, माणूस समोर बसून गातो तसा, आणि तो स्टुलाच्या उंचीवरून येत नव्हता. खाटेवरून येत होता... मी आत्ता जिथे बसले होते तिथून. बामचा वास एकदम वाढला.

मी वळले नाही. दाराला कपाळ लावून उभी राहिले. मुखडा झाला, अंतरा झाला, ‘कुलूप कुणाचं’पाशी थांबला. आणि पुढची शांतता माझ्याकडे बघत होती. मला कळत होतं, माझी वाट बघतायत.

“काकू,” मी म्हटलं, “काकू, ते...”

“हो,” बाहेरून आवाज आला. “मला ठाऊक आहे. तू त्यांना मदत कर, बेटा.”

मी काय करणार होते? मला त्यांची सगळी गाणी येत होती. ते यमक कसं आणतात, शेवटी मुखड्याला कसे मिळतात, यावर मी ग्रुपवर निबंध लिहिलेले. तसली एक ओळ जुळवून मी म्हटली. मागून पुन्हा मुखडा, पहिल्यापासून. ओळ पसंत नव्हती.

दुसरी म्हटली. पुन्हा मुखडा. तिसरी रडत म्हटली. पुन्हा मुखडा, आणि आता तो आवाज माझ्या खांद्याशी... अगदी कानाशी. हवा उरली नव्हती. मला वाटलं, आपण इथेच पडणार, या दाराशी, त्यांच्यासारख्याच. मला माझ्या घरी जायचं होतं हो. दुसरं काही नको होतं. गाणं नको, टेप नको, घरी जायचं होतं.

मग ओळ आली. मी जुळवली नाही, ती तोंडातूनच आली. कसली ओळ होती ते खंडात ऐकलंत तुम्ही. ती म्हटली आणि कडी किरकिरत सरकली.

काकू दारात उभ्या होत्या. मी धडपडत बाहेर आले, त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. माझ्यामागे बघून त्यांनी पदर सारखा केला आणि भिंतीशी सरकून वाट दिली. “दमलात ना?” म्हणाल्या. “या. चहा टाकते.”

चहा त्यांनी तीन कप केला. मग माझ्याशी नेहमीसारख्या बोलल्या. अनंतरावांनी लग्न झाल्या झाल्या त्यांना बजावलं होतं, मी हाक मारली तरी गाणं पुरं झाल्याशिवाय कडी काढायची नाही, मी आळशी आहे, पळून येईन. संसारभर त्यांनी ते पाळलं. त्या दिवशीही पाळलं. शेवटी शेजाऱ्यांनी कडी काढून त्यांना बाहेर आणलं. काकूंच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. त्या म्हणाल्या, “मी कुठं काढली होती? मी आज काढली.”

मला त्या बाईचा इतका राग आला आणि इतकी कीव आली, की मी चहा तसाच टाकून निघाले.

घरी येऊन रेकॉर्डर ऐकला. त्यात माझा रडण्याचा, हाका मारण्याचा आवाज नव्हता. गाणं होतं, पहिल्यापासून शेवटपर्यंत एकटे अनंतराव, आणि शेवटी कडी. मी काय करायचं? चाहती आहे मी. ग्रुपवर टाकलं. सगळे नाचले, तुमच्या कंपनीने विकत मागितलं. कुणाला काही सांगितलं नाही, सांगून कुणी विश्वास ठेवला असता?

श्रावणात काकू गेल्या. त्यांच्या दिवसांना मी गेले होते. मुलाने घराला कुलूप घालून किल्ली दलालाला दिली. संपलं म्हणून मी सुटकेचा निःश्वास टाकला. त्यानंतर एका दुपारी याच खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होते आणि माझ्या ओठांवर एक मुखडा आला. कुणाचाच नाही, नवा. दार लोटलेलं होतं. बाहेर कडी सरकली. ना खाडकन पडणारी, ना किरकिरणारी. मऊ, तेल घातलेली.

गाणं पुरं केलं तेव्हा दार उघडलं.

तेव्हापासून मी ग्रुपवर टाकलेली सगळी दुर्मिळ गाणी अशी आहेत. मला कुठून टेपा मिळतात म्हणून तुम्ही सगळे तर्क लढवता. मी इथे बसून गाते, रेकॉर्डरवर आवाज त्यांचा येतो, आणि शेवटी ही तिसरी कडी. माझी गंमत म्हणा की वेड म्हणा, मला ती गाणी आवडतात सुद्धा. पण सुरुवातीला शेवटची ओळ झटकन यायची, आता येत नाही. मागच्या वेळी माझे मिस्टर ड्यूटीवरून आले, बाहेर स्वतःचा चहा केला, टीव्ही लावला. मी इथून गळा फाटेपर्यंत हाका मारल्या. नंतर विचारलं तर म्हणाले, तू झोपली होतीस ना, आवाज कुठे होता? ज्या दिवशी ओळ येणारच नाही, त्या दिवसाची मला भीती वाटते, स्वरदा. दुसरी कसलीच वाटत नाही.

आज सकाळपासून नवा मुखडा आलाय. म्हणून मी दाराला पाटा लावून ते उघडं ठेवलं होतं. तुम्ही रेकॉर्डर लावलात, गल्लीतल्या भोंग्यांचा आवाज नको म्हणून उठून पाटा सरकवलात, दार लोटलंत. मोबाइल तर तुम्ही सवयीनेच बाहेर ठेवलात. मी नको म्हणेपर्यंत झालं होतं सगळं. कडीचा आवाज ऐकलात तुम्ही. मघाशी तुम्ही पन्ह्याचा पेला ठेवता ठेवता थांबलात, तेव्हाच मला कळलं.

हो, ओढून बघा.

नाही ना... या, बसा. हाका मारू नका, घसा बसेल, आणि घसा लागणार आहे आपल्याला. माझे मिस्टर संध्याकाळी येतील, पण त्यांचा उपयोग नाही. तुम्हाला अनंतरावांची सगळी गाणी तोंडपाठ आहेत. माझ्याहून जास्त, हे जयंतसुद्धा मान्य करतो. मी मुखडा म्हणते, अंतरा म्हणते. शेवटची ओळ तुम्हाला सुचते का बघा. पसंत पडली तर लगेच उघडेल. काकू शब्दाच्या पक्क्या होत्या.

आणि तुमच्या प्रश्नाचं म्हणाल, तर तिसरी कडी कुठल्या घराची ते मलाही माहीत नाही. या दाराला बाहेरून कडी नाही, हे आत येताना तुम्ही पाहिलंच असेल.